चार्जरचा पंखा

[दृश्य: डेट्रॉइट, ऑगस्टची दुपार. वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची न संपणारी रांग. कडेला बॉनेट उघडून उभी असलेली एक गाडी, वाफ.]

डेट्रॉइटच्या नदीकाठापासून निघून वायव्येला पाँटिॲक गावापर्यंत जाणारा हा वुडवर्ड अव्हेन्यू. १९६० च्या दशकात रात्री इथे एका सिग्नलपासून पुढच्या सिग्नलपर्यंत शर्यती लागायच्या. जीटीओ, चेव्हेल, रोड रनर, चार्जर. मध्यम आकाराची गाडी, तिच्यात बसवलेलं भलंमोठं व्ही-एट इंजिन, आणि नुकत्या नोकरीला लागलेल्या पोराला हप्त्यांवर परवडेल अशी किंमत. अमेरिका यांना मसल कार म्हणते.

१९९५ पासून दर ऑगस्टमध्ये याच रस्त्यावर वुडवर्ड ड्रीम क्रूझ भरते. इथे कोणी कोणाच्या पुढे जात नाही, जाताच येत नाही. गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, थांबतात, पुन्हा सरकतात. सुसाट सुटण्यासाठी बनवलेल्या गाडीची खरी कसोटी लागते ती अशा वेळी. बोरघाटात बॉनेट उघडून, रेडिएटरवर ओलं फडकं टाकून उभ्या राहिलेल्या पद्मिनी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे दृश्य काही परकं वाटणार नाही.

[दृश्य: गॅरेज. १९६९ ची डॉज चार्जर आर/टी. बॉनेट उघडतं.]

अशा गाडीचा पट्ट्यावर फिरणारा पंखा काढून विजेचा कधी आणि कसा बसवायचा, ते आता पाहू. ही क्रायस्लर कंपनीची १९६९ ची डॉज चार्जर आर/टी. आत ४४० घनइंचांचं, म्हणजे ७.२ लिटरचं इंजिन. कंपनीने सांगितलेली ताकद ३७५ हॉर्सपॉवर. समोर रेडिएटर, आणि त्याच्या मागे पाण्याच्या पंपाच्या दांड्यावर बसवलेला पंखा. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीवरून येणारा पट्टा पंप फिरवतो आणि पंपाबरोबर पंखाही फिरतो. साधी, दणकट रचना.

तिच्यात एक जन्मजात विसंगती मात्र आहे. गाडी उभी असते तेव्हा समोरून वारा येत नाही, सगळी भिस्त पंख्यावर असते, आणि नेमकं तेव्हाच इंजिन सर्वांत हळू फिरत असतं. म्हणजे पंखाही हळू. उलट महामार्गावर समोरून येणारा वारा एकटा रेडिएटर थंड ठेवायला पुरतो, आणि तिथे पंखा जोरात फिरत इंजिनाची ताकद खातो. खातो तीही बेताने नाही. पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी ताकद आठपट होते.

यावर कंपन्यांनी फॅन क्लच काढला. पंखा आणि पंप यांच्यामध्ये सिलिकॉन तेलाची डबी, पुढच्या बाजूला दोन धातूंची गुंडाळी. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की गुंडाळी आतली वाट उघडते, तेल पसरतं आणि पंखा पकड घेतो. हवा थंड असली की तो सैल फिरतो. चांगला क्लच, मोठा पंखा आणि त्याभोवती नीट बसणारं श्राउड, म्हणजे सगळ्या रेडिएटरमधून हवा पंख्याकडे आणणारं आवरण, हा संच आजही बाजारातल्या बऱ्याच विजेच्या पंख्यांना हार जात नाही. विजेचे पंखे विकणारे हे सांगत नाहीत, म्हणून इथे सांगितलं.

[दृश्य: भंगारवाड्यात रांगेने उभ्या फोर्ड टॉरस गाड्या.]

विजेचा पंखा मुळात सोय म्हणून आला. पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या गाड्यांमध्ये इंजिन आडवं बसतं. त्याची पुली गाडीच्या बाजूकडे तोंड करून असते, रेडिएटर मात्र समोर. पट्ट्याने पंखा फिरवणं तिथे अडचणीचंच. म्हणून मोटर लावली. असे लाखो पंखे बनले, आणि त्या गाड्या भंगारात गेल्यावर मसल कारवाल्यांना खजिना सापडला. सर्वांत लाडका म्हणजे ३.८ लिटरच्या फोर्ड टॉरसचा दोन गतींचा पंखा. स्वतःच्या श्राउडसकट येतो आणि भरपूर हवा ओढतो. क्रायस्लरच्या गाडीत फोर्डचा पंखा, याने काही कट्टर मंडळींचा रक्तदाब वाढतो तो वेगळाच.

पण पाना हातात घेण्याआधी एक प्रश्न. गाडी तापते कधी?

सिग्नलला तापत असेल आणि रस्ता मोकळा झाल्यावर काटा खाली येत असेल, तर हवा कमी पडते आहे. इथे पंखा उपयोगी. महामार्गावर ताशी १०० किलोमीटरने जाताना तापत असेल, तर कितीही पंखे लावा, फरक पडणार नाही. तिथे रेडिएटरच्या नळ्या गाळाने बुजलेल्या असतात, किंवा खालचा रबरी पाइप पंपाच्या ओढीने आत चिमटला जातो, किंवा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉक आणि हेडमधली पट्टी, गेलेलं असतं. आणखी एक कारण फार कमी लोक तपासतात. डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे ठिणगीची वेळ सांभाळणाऱ्या भागाच्या, व्हॅक्यूमची नळी कोणीतरी कधीतरी काढून बुजवलेली असते. मग इंजिन हलक्या ओझ्यावर चालताना ठिणगी उशिरा पडते, इंधन एक्झॉस्टपर्यंत जळत राहतं आणि ती सगळी उष्णता पाण्यात उतरते. दोन रुपयांची नळी जागेवर बसवून बरी झालेली गाडी पंख्यावर पैसे घालवत नाही.

[दृश्य: पट्टीने रेडिएटर आणि पुलीमधलं अंतर मोजणारे हात.]

चार्जरचा जुना पंखा आणि क्लच काढला की रेडिएटर आणि पंपाच्या पुलीमध्ये थोडी जागा मोकळी होते. पंख्याची मोटर मध्यभागी फुगीर असते, ती पुलीच्या नाकाला लागता कामा नये. पुलीचे बोल्टही बदलावे लागतात. जुने बोल्ट पंख्याची जाडी धरून दिलेले असतात, तेच परत लावले तर तळाशी जाऊन अडकतात आणि पुली सैल राहते.

पंखा रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारा असावा. पुढे लावून ढकलणारा पंखा वाऱ्याच्या वाटेतच उभा राहतो. श्राउडशिवाय लावलेला पंखा आपल्या पात्यांपुरत्या गोलातून हवा ओढतो, रेडिएटरची बाकीची जाळी नुसती बसून असते. पुड्यावर छापलेला हवेचा आकडाही मोकळ्या हवेत मोजलेला असतो. समोर रेडिएटर आला की तो आकडा विसरायचा. आणि हो, जाळीतून आरपार ओवायच्या त्या प्लास्टिकच्या काड्या पुड्यात मिळतात, त्या पुड्यातच राहू द्याव्यात. गाडीच्या थरथरीने काड्या रेडिएटरच्या नळ्यांवर घासतात आणि एक दिवस रेडिएटर गळायला लागतो. पंख्याला कडेच्या चौकटीवर पट्ट्या टाकून आधार द्यावा.

इथवरचं काम एका सकाळचं. आता वायरी.

[दृश्य: डॅशबोर्ड. अँमीटरचा, म्हणजे विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मापकाचा, काटा मधोमध.]

असा मोठा पंखा पूर्ण गतीवर ३५ अँपिअरच्या आसपास वीज घेतो, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट. साडेतेरा व्होल्टला हे ४७० वॉटच्या घरात जातं. हॉर्सपॉवरमध्ये एकाच्या दोन तृतीयांशाहूनही कमी. ताकदीचा हिशेब सोपा सुटला. विजेचा सुटत नाही.

चार्जरचा मूळ अल्टरनेटर, म्हणजे पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारं यंत्र, हेडलाइट, हीटर आणि इग्निशन एवढ्याच संसारासाठी दिलेला. पूर्ण वेगात त्याची मजल ६० अँपिअरच्या आत. इंजिन नुसतं चालू असताना तो त्याच्या निम्मीही वीज देत नाही. म्हणजे पाहा, जुना पंखा सिग्नलला मंदावत होता म्हणून बदलला, आणि नवा पंखा ज्याच्या जिवावर चालायचा तोही सिग्नलला मंदावतो. अडचण गेली नाही, पट्ट्यावरच्या एका पुलीवरून दुसऱ्या पुलीवर गेली. पंखा बदलणाऱ्याने अल्टरनेटरही बदलायचा असतो, तोही कमी फेऱ्यांवर किती वीज देतो हे विचारून. जाहिरातीच्या मथळ्यातला मोठा आकडा इथे कामाचा नाही.

त्यातून ही क्रायस्लरची गाडी. या काळातल्या क्रायस्लरच्या गाड्यांत अल्टरनेटरची जाड वायर इंजिनामागच्या पत्र्यातल्या कनेक्टरमधून डॅशबोर्डमध्ये शिरते, अँमीटरमधून जाते, त्याच कनेक्टरने बाहेर येते आणि मग बॅटरीला पोचते. बॅटरी भरलेली असते तेव्हा या वाटेने जवळजवळ काहीच वाहत नाही, म्हणून काटा मध्ये उभा. आता एखाद्याने पंख्याची वायर सरळ बॅटरीला जोडली. दिसायला सर्वांत शहाणपणाची जागा! पण इंजिन चालू असताना पंख्याची सगळी वीज अल्टरनेटरकडून निघून डॅशबोर्डची प्रदक्षिणा घालून बॅटरीपाशी येणार आणि तिथून पंख्याला जाणार. पन्नास वर्षं जुन्या, गंजलेल्या, चिमुकल्या पत्री पिनांमधून. कनेक्टरचं प्लास्टिक वितळतं. काही गाड्यांमध्ये याच्यापुढेही मजल गेलेली आहे.

उपाय असा की अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत फ्यूजिबल लिंक, म्हणजे जास्त प्रवाह गेला तर स्वतः वितळून वाट तोडणारा वायरचा तुकडा, घालून जाड वायर बाहेरूनच टाकायची, अँमीटरला त्या ओझ्यातून मोकळं करायचं आणि व्होल्टमीटर लावायचा. डॅशबोर्डवरचा जुना काटा मग निव्वळ शोभेचा राहतो. मूळपणाचे भोक्ते नाराज होतात. जळालेल्या डॅशबोर्डपेक्षा ही नाराजी परवडते, एवढंच माझं मत.

[दृश्य: रिले, फ्यूज, जाड लाल वायर.]

पंख्याचा प्रवाह चावीतून किंवा साध्या बटणातून न्यायचा नाही, मध्ये रिले, म्हणजे थोड्या विजेवर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, हवा. तीस नंबरच्या टोकाला बॅटरीची वीज, सत्त्याऐंशीवरून पंख्याला, आणि पंच्याऐंशी-शहाऐंशी रिलेच्या कॉइलला. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ. रिलेला हुकूम देणारा तापमानाचा स्विच इंजिनात आटे पाडून बसवलेला असावा, जाळीत खुपसलेली सळई भरवशाची नसते. थर्मोस्टॅट, म्हणजे गरम पाण्याला रेडिएटरकडे सोडणारी झडप, ८२ अंश सेल्सिअसला उघडत असेल तर पंखा ९३ च्या आसपास सुरू व्हावा आणि ८५ ला बंद. बंद होण्याचा आकडा थर्मोस्टॅटच्या खाली ठेवला तर पाणी तिथवर कधी उतरतच नाही आणि पंखा बंदच होत नाही. गाडीला एसी असेल तर कॉम्प्रेसरबरोबर पंखा सुरू होईल अशी आणखी एक वायर.

[दृश्य: रात्र. इंजिन चालू, हेडलाइट चालू, पंखा सुरू होण्याचा आवाज.]

परीक्षा उभ्या गाडीवर घ्यायची. हेडलाइट लावायचे, हीटरचा ब्लोअर सोडायचा आणि पंखा सुरू होण्याची वाट पाहायची. सुरू होताना दिवे क्षणभर मंदावतात, ते चालतं. त्यानंतर व्होल्टमीटर तेराच्या वर स्थिरावला पाहिजे. बारा-साडेबारावर रेंगाळला तर गाडी बॅटरीच्या पुंजीवर जगते आहे, आणि वुडवर्डच्या तासाभराच्या रांगेत ती पुंजी संपते.

या सगळ्यात गाडीच्या पत्र्याला एकही नवं भोक पाडलेलं नाही. काढलेला पंखा, क्लच, जुनं श्राउड आणि ते लांब बोल्ट खोक्यात भरून, वर चिठ्ठी लावून माळ्यावर जातात. उद्या गाडी विकायला काढली, तर घेणारा इंजिनाच्या आवाजानंतर बहुतेक पहिला प्रश्न त्या खोक्याबद्दलच विचारेल.