घोड्यांच्या वाटेनं मेनोर्का

नमस्कार श्रोतेहो.

भूमध्य समुद्रात, स्पेनच्या पूर्वेला, मायोर्काच्या शेजारी मेनोर्का नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम 700 चौरस किलोमीटर. पूर्वेला माओ, पश्चिमेला सिउतादेया, मधे साधारण 45 किलोमीटरचा रस्ता. गाडी भाड्यानं घेतली तर तासाभरात बेट संपतं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा तसंच संपवलं. चार किनारे, चाळीस फोटो. दुसऱ्या खेपेला गाडी घेतली नाही, तेव्हा कुठे बेट दिसायला लागलं.

या बेटाला किनाऱ्यालगत प्रदक्षिणा घालणारी 185 किलोमीटरची पायवाट आहे. नाव कामी दे कावाल्स, म्हणजे घोड्यांची वाट. समुद्रातून कोण चाल करून येतंय यावर नजर ठेवायला घोडेस्वार इथून फिरत. पुढे पहाऱ्याची गरज उरली नाही आणि वाट ठिकठिकाणी खासगी मालमत्तेत अडकली. मालकांनी फाटकं बंद केली. लोकांनी हक्कासाठी चळवळ केली, मोर्चे काढले. शेवटी 2000 साली कायदा झाला, जमीन खासगी असली तरी वाट सगळ्यांची. दुरुस्ती होऊन 2010 मध्ये अख्खी वाट खुली झाली. आज आपण तिथे निवांत चालतो ते या भांडणाच्या जोरावर, हे पर्यटनाच्या पत्रकात सहसा छापत नाहीत.

वाटेवर फाटकं अजून आहेत, पण कुलपं नाहीत. ही फाटकं रानटी ऑलिव्हच्या लाकडाची. ते झाड सरळ वाढतच नाही, त्यामुळे फाटकाची प्रत्येक पट्टी वाकडी, आपापल्या बाकानं बसवलेली. टणक इतकी की उन्हापावसाला दाद देत नाही. तुम्ही फाटक उघडायचं, आत जायचं, मागे वळून लावून घ्यायचं. नाहीतर कुणाच्या तरी गाई शेजाऱ्याच्या शेतात! दोन्ही अंगांना चुन्याशिवाय, नुसते दगडावर दगड रचलेले बांध. कोकणातल्या श्रोत्यांना सांगायला नको, गडगेच ते. गाळ्यात चपखल बसेल तो दगड शोधायची नजर हवी, हे तिथल्या गवंड्यालाही लागू.

त्याच गाईंच्या दुधाचं माओ चीज. दही फडक्यात घेऊन, चारी टोकं एकत्र बांधून दाबतात. म्हणून त्याचा चौकोन कोपऱ्यांत गोल होतो, आणि वर फडक्याच्या गाठीचा ठसा उमटलेला राहतो.

किनाऱ्यावर एक गंमत पाहिली. वाळूवर तपकिरी, वाळक्या पात्यांचे ढीग. एक बाई नाक मुरडून म्हणाल्या, "इथे साफसफाई नाही वाटतं!" तो कचरा नव्हता. पोसिडोनिया नावाची समुद्रातली वनस्पती असते, शेवाळ नव्हे, मुळं-पानं-फुलं असलेली. तिची गळालेली पानं लाटांनी वर येतात आणि हिवाळ्यातल्या वादळात वाळू धरून ठेवतात. ढीग उचलला की मागोमाग वाळूही जाते. पाण्याखालच्या तिच्या कुरणांत बोटींनी नांगर टाकायला आता बंदी आहे.

युनेस्कोनं 1993 मध्ये हे बेट जीवावरण राखीव क्षेत्र ठरवलं. पाटी लावली म्हणून गर्दी थांबत नाही. माकारेया नावाची पांढऱ्या वाळूची खाडी आहे. उन्हाळ्यात तिथे गाड्यांना मनाई, सिउतादेयाहून बस. किंवा काला गाल्दानाहून पाइनच्या झाडीतून पाऊण तास चालत जा. मी चालत गेले. घामाघूम झाल्यावर ते निळं पाणी समोर आलं, तेव्हा पहिल्या खेपेचे चाळीस फोटो फुकट वाटले.

आता मुंबईहून विमानानं हजारो किलोमीटर जायचं आणि तिथे पायी चालून पुण्य मिळवायचं, यात थोडा ढोंगीपणा आहेच. मी नाकारत नाही. निदान शेवटचा टप्पा बार्सिलोनाहून बोटीनं करता येतो.

जाणार असाल तर सप्टेंबर संपता संपता जा. समुद्र तोवर उबदार असतो. पुढे हिवाळ्यात बसफेऱ्या कमी होतात. उत्तर किनाऱ्यावर सावली नाही आणि मैलोगणती टपरीसुद्धा नाही. पाणी घरून निघताना भरून घ्या. मी एक बाटली घेऊन निघाले होते, ती दुसऱ्या फाटकापाशीच संपली.

नमस्कार.