एकशे सत्तर इंचांचा नर

(वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवातीलाच एक खुलासा करतो. निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘शिकारी’ असं छापलंय. ते वाचून माझी बायको इतकी हसली की चहा सांडला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मी अकरा हंगाम बंदूक घेऊन बसलोय आणि अकरा हंगामांत तीन हरणं मारलीत. दोन माद्या आणि एक दीड वर्षाचा नर, त्याची शिंगं माझ्या पंजाएवढी. तेव्हा शिकारी म्हणण्यापेक्षा ‘थंडीत बसणारा माणूस’ म्हणा, ते जास्त खरं.

दुसरं असं, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार हा विषयच संपला, आणि संपला ते बरंच झालं. तिथल्या शिकारीची वकिली करायला मी आलेलो नाही. पण इथे आलो की भाचे-पुतणे यूट्यूबवर अमेरिकन शिकारीचे कार्यक्रम लावून विचारतात, ‘मामा, तुम्ही असलं मारता?’ त्या ‘असलं’विषयी, म्हणजे टीव्हीवरच्या मोठ्या शिंगांच्या नराविषयी, बोलायचं आहे.

तर हे हरीण कोणतं? व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीचं. शेपटी वरून तपकिरी, खालून पांढरीशुभ्र. बिचकलं की शेपटी झेंड्यासारखी उभी करून पळतं. मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेला त्याचा अवयव तोच. नराला शिंगं असतात, पण ती काळविटाच्या शिंगांसारखी नव्हेत. काळविटाची शिंगं जन्मभर टिकतात. व्हाइटटेलची शिंगं आपल्या चितळ-सांबरासारखी, दरवर्षी गळतात आणि दरवर्षी नवी फुटतात. वसंतात मखमली कातडीखाली हाड वाढायला लागतं, उन्हाळाभर वाढतं, सप्टेंबरच्या सुमाराला नर झाडांवर घासून ती मखमल काढून टाकतो. नोव्हेंबरात हरणं माजावर येतात. पुढे हिवाळ्यात शिंगं गळून पडतात.

आता टीव्हीवर काय दिसतं बघा. तोंडाला काळे-हिरवे पट्टे ओढलेला निवेदक झाडावर बसलाय. मागे सनई नाही एवढंच, बाकी वातावरण लग्नाचं. सोनेरी उजेड. तो कॅमेऱ्याकडे बघून कुजबुजतो, ‘हा आमच्या यादीतला आहे, याला आम्ही तीन वर्षं ओळखतो.’ नराला नावही ठेवलेलं असतं, कारण वाटेवरच्या स्वयंचलित कॅमेऱ्यांनी त्याचे शेकडो फोटो काढलेत. नर येतो, आडवा उभा राहतो, बाण सुटतो. मग गळाभेटी, डोळ्यांत पाणी, शिंगं धरून फोटो आणि त्याच दमात धनुष्याचं, बुटांचं, अंगाचा वास घालवणाऱ्या फवाऱ्याचं नाव. जाहिराती वगळल्या तर बावीस मिनिटांत सगळं उरकतं.

यातलं खोटं काय? खरं सांगायचं तर फारसं काहीच नाही. हरीण खरं, बाण खरा, रडूही बहुधा खरं. मधली काही दृश्यं, डोळे बारीक करणं, धनुष्य ओढणं, नंतर वेगळी घेतलेली असतात, पण तेवढं कुठल्याही कार्यक्रमात चालतं. खोटेपणा आहे तो कात्रीत. जे कापलं, त्यात.

काय कापतात ते सांगतो. विस्कॉन्सिनचा बंदुकीचा हंगाम नऊ दिवसांचा. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. त्या शनिवारी पहाटे त्या एका राज्यात पाच लाखांहून जास्त माणसं भडक केशरी जाकिटं घालून रानात बसलेली असतात. केशरी का, तर माणसाने माणसाला मारू नये म्हणून. हरणाला लाल-केशरी रंग नीट दिसत नाही. निळा मात्र स्वच्छ दिसतो, म्हणून जीन्स घालून येऊ नकोस असं मला पहिल्याच वर्षी बजावलं होतं.

ज्यांच्या जमिनीवर मी बसतो ते आजोबा – गोरेच आहेत, पण मी मनात आजोबाच म्हणतो – त्यांचा पूर्वी चाळीस गाईंचा गोठा होता. पहिल्या वर्षी पहाटे साडेचारला त्यांनी मला ट्रॅक्टरच्या वाटेवर सोडलं, मचाण दाखवलं, पट्टा बांधून घेतला. हंगामातले कितीतरी अपघात गोळीचे नसतातच, मचाणावरून पडण्याचे असतात. जाताना म्हणाले, ‘वारा बघ. हरणाच्या डोळ्यांना फसवशील, कानांना फसवशील, नाकाला नाही.’

उणे बारा अंश. पहिला तास पायांची बोटं दुखतात, दुसऱ्या तासाला दुखायची थांबतात, आणि भीती तिथे सुरू होते. थर्मासमधला चहा प्यावा तर लघवीला उतरावं लागेल, म्हणून तोही प्यायचा नाही. आणि खार! वाळक्या पानांतून धावणारी खार ही हुबेहूब नव्वद किलोच्या नरासारखी वाजते. प्रत्येक वेळी छातीत धडधडतं, मान मिलिमीटर-मिलिमीटरने वळवायची, आणि समोर खार. मी एका दिवसात एकोणीस वेळा फसलो. मोजलं, कारण दुसरं काही करायला नव्हतं. त्या नऊ दिवसांत, म्हणजे मी बसलो त्या पाच दिवसांत, मला दोन शेपट्या दिसल्या. निम्म्याहून जास्त शिकारी हंगाम संपवून रिकाम्या हाताने घरी जातात. त्यांच्यावर कोण कार्यक्रम काढणार?

गोळी लागल्यानंतरचंही कापलेलंच असतं. पडद्यावर हरीण तिथल्या तिथे कोसळतं, किंवा कट करून थेट पडलेलं दाखवतात. माझा तो दीड वर्षाचा नर चौथ्या हंगामात आला. गोळी फुप्फुसातून गेली, म्हणजे चांगली लागली. तरीही तो उधळला आणि दिसेनासा झाला. अशा वेळी लगेच मागे धावायचं नसतं. अर्धा तास थांबायचं. मागे लागलात तर ते आणखी लांब पळतं. नेम चुकून पोटात लागली असेल तर कित्येक तास थांबावं लागतं आणि तो वेळ कसा जातो ते मी इतरांच्या तोंडून ऐकलंय. माझ्यावर आलं नाही हे नशीब. त्या अर्ध्या तासात माझे हात इतके थरथरत होते की बंदुकीतलं काडतूस काढता येईना. मग रक्ताचा माग. पानावर एक थेंब, दहा पावलं काही नाही, मग गवताच्या पात्यावर पुसटसा डाग. एकशेवीस पावलांवर तो सापडला. डोळे उघडे. मी मराठीत ‘माफ कर’ म्हणालो. का ते विचारू नका.

आणि मग सुरी. पोट फाडून आतडी, कोठा, काळीज सगळं तिथेच, लवकर बाहेर काढावं लागतं, नाहीतर मांस नासतं. अफझलखानाचा कोथळा लहानपणी शंभरदा ऐकला होता. प्रत्यक्षात किती वाफ निघते आणि कसला वास येतो हे कुठल्याच कीर्तनकाराने सांगितलं नव्हतं. मग दोरी बांधून चढावर ओढत न्यायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत राज्याच्या नैसर्गिक संपत्ती विभागाकडे त्याची नोंद करायची. हे सगळं शिंगं पंजाएवढी असलेल्या नराचं. टीव्हीवाला नर मला त्या दिवशी तरी ओढता आला नसता.

पण मला खरं बोलायचंय ते याच्याही पलीकडचं. थंडी, कंटाळा, रक्त हे कापलं तर कापलं, तो माध्यमाचा स्वभाव आहे. ताडोबात वाघ न दिसता परत आलेल्या माणसाला आपण ‘काहीच दिसलं नाही का?’ विचारतो, तसंच. पण टीव्ही एक गोष्ट उलटी सांगतो. मोठा नर कौशल्याने आणि चांगल्या सामानाने मिळतो, असं तो सांगतो. सामानाचा दुकानदारच कार्यक्रमाचा पैसा देतो म्हटल्यावर दुसरं काय सांगणार! मोठी शिंगं म्हणजे, मंडळी, वय. व्हाइटटेलची शिंगं पाच-सहा वर्षांचा झाल्यावर पूर्ण भरतात. म्हणजे त्या नराला आधी चार-पाच हंगाम कोणीतरी, खरं तर सगळ्यांनीच, सोडून दिलेलं असावं लागतं. जुन्या शिकाऱ्यांत म्हण होती, तपकिरी दिसलं की पाडायचं. हिवाळ्याचं मांस हवं असलेल्या माणसाने तसंच करावं. आजोबांची जमीन ऐंशी एकर. नराचा वावर त्याच्या कितीतरी पट. कुंपणापलीकडच्याने सोडलं नाही तर आजोबांनी सोडून उपयोग काय?

म्हणून मोठा नर जिथे सलग हजारो एकर एकाच्या ताब्यात असतात तिथे होतो. भाड्याने घेतलेली शेतं, हरणांसाठी मुद्दाम पेरलेला क्लोव्हरचा चारा आणि सलगम, बाहेरच्याला बंदी. आमच्या राज्यातली बफेलो काउंटी (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) आणि इलिनॉयमधली पाइक काउंटी अशा नरांसाठी नावाजलेल्या. तिथे शिकार आयोजित करणारे धंदेवाले हजारो डॉलर घेतात. आयोवाचं गणित आणखी गमतीचं. तिथे बंदुकीचा मुख्य हंगाम डिसेंबरात, माज ओसरल्यावर. नर भान विसरून दिवसाढवळ्या हिंडत असतात तेव्हा बंदुका घरात. परराज्यातल्या माणसाला तर परवान्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागतो. म्हणून आयोवाचे नर म्हातारे होतात. ती शिंगं अर्धीअधिक सरकारी नियमाने वाढवलेली. आणि टेक्सासात उंच कुंपणाच्या आत पैदास केलेले नर मिळतात, त्यांची शिंगं बघून हसावं की रडावं कळत नाही, झाडाची मुळं डोक्यावर उगवल्यासारखी.

कुंपणातल्या नराला एक संस्था मात्र दारात उभं करत नाही. बून अँड क्रॉकेट क्लब. थिओडोर रूझवेल्ट आणि मित्रांनी १८८७ मध्ये काढलेला. शिंगांच्या इंचांचा हिशेब यांचाच. मुख्य दांड्यांची लांबी, त्यांमधलं अंतर, प्रत्येक फाट्याची लांबी, ठरावीक ठिकाणचा घेर, सगळं इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजून बेरीज करायची. नेहमीच्या घडणीच्या शिंगांत डावं-उजवं सारखं नसेल तर फरक वजा. तेही शिंगं साठ दिवस वाळवल्यानंतर. बेरीज १७० भरली तर कायमच्या वहीत नाव. नर पडल्या-पडल्या टीव्हीवाला वजाबाकी न करता ‘एकशे सत्तर!’ ओरडतो, ती बेरीज कोणी नंतर तपासत नाही.

या इंचांवरून एक गोष्ट सांगतो, आमच्याच राज्यातली. १९१४ मध्ये जेम्स जॉर्डन नावाच्या माणसाने डॅनबरी गावाजवळ एक नर मारला. डोक्यात पेंढा भरून घ्यायला ते एकाकडे दिलं. तो गृहस्थ गाव सोडून गेला, डोकंही गेलं. जॉर्डनने आशा सोडली. कित्येक वर्षांनी शेजारच्या मिनेसोटा राज्यातल्या सँडस्टोनमध्ये जुन्या सामानाच्या विक्रीत ती शिंगं कोणीतरी तीन डॉलरला घेतली. पुढे मोजली तर २०६ आणि एक अष्टमांश, म्हणजे नेहमीच्या घडणीच्या शिंगांत जगातली सर्वांत मोठी. ती जॉर्डनचीच, असं क्लबने १९७८ मध्ये मान्य केलं, त्याच्या थोडेच दिवस आधी म्हातारा वारला होता. हा विक्रम १९९३ मध्ये कॅनडातल्या सस्कॅचवनच्या मिलो हॅन्सन या शेतकऱ्याने मोडला, २१३ आणि पाच अष्टमांश. एक मांसासाठी रानात हिंडणारा, दुसरा शेतकरी. दोघांकडेही फवारा नव्हता.

एक कडू गोष्ट राहिली. हरणांना एक रोग होतो, मेंदू चाळणीसारखा होऊन जनावर खंगत मरतं. १९६७ मध्ये कोलोरॅडोत प्रथम दिसला, आमच्याकडे २००२ मध्ये सापडला. उपाय नाही. आणि तो सर्वांत जास्त सापडतो प्रौढ नरांमध्ये. म्हणजे शिंगांसाठी नरांना म्हातारं होऊ द्या, हा टीव्हीचा आदर्श आणि रोग आटोक्यात ठेवायचा तर हरणं कमी करा, हा जीवशास्त्रज्ञांचा सल्ला, यांचं जमत नाही. आम्ही डोकं तपासणीला देतो आणि निकाल येईपर्यंत मांस डीप फ्रीजरमध्ये ठेवतो. हा फ्रीजरसमोरचा आठवडा मी कुठल्या कार्यक्रमात पाहिलेला नाही.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली, ‘मोठा नर कधी दिसलाच नाही का?’ दिसला नाही, पण आहे. तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये बर्फ वितळताना आजोबांच्या ओढ्याकाठी मला गळलेलं एक शिंग सापडलं. एकच बाजू, पाच फाटे, बुडाशी माझ्या मनगटाएवढं जाड. दोन फाट्यांची टोकं उंदरांनी कुरतडलेली, त्यांना त्यातलं कॅल्शियम लागतं. माझ्या मचाणापासून साठ पावलांवर. म्हणजे हंगामभर तो तिथेच कुठेतरी होता, वाऱ्यावर माझा वास घेत. आजोबांनी ते हातात फिरवलं आणि गोठ्यात दोन खिळे मारून टांगलं. आता त्याला दुधाच्या रिकाम्या बादल्या अडकवलेल्या असतात.