आडा बाजारातले चार साक्षीदार

विषय दिलाय, छोट्या विश्लेषण-मासिकाने माहितीची शहानिशा कशी करावी. त्यावर येतोच, पण आधी आपल्या इंदूरच्या आडा बाजारातून जाऊन येऊ. एवढ्या जवळ आलोय.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे. मालेरावांच्या रथाखाली वासरू गेलं. अहिल्याबाईंनी पोटच्या मुलाला हातपाय बांधून रस्त्यात टाकलं, स्वतः रथावर बसल्या, आणि तीच गाय पुन्हा पुन्हा आडवी आली. म्हणून आडा बाजार. २०२५ साली, अहिल्याबाईंच्या जन्म-त्रिशताब्दीच्या अंकात आम्ही ती आमच्या मासिकात छापली. लेखकाने चार संदर्भ दिले होते, आणि संपादक, म्हणजे मीच, चार बघून खूश. आठवड्याभरात एका आजोबांचं पोस्टकार्ड आलं. (हसू नका, इंदूरात अजून लिहितात, भिया!) त्यात एकच ओळ : ‘मग मालेराव वारले कशाने?’

शोधायला बसलो. मल्हारराव मे १७६६ मध्ये गेले, सुभेदारी मालेरावांकडे आली, आणि १७६७ मध्ये आजारपणात तेही गेले. आता सांगा, मल्हारराव हयात असताना सून त्यांच्या नातवाला रथाखाली घालणार? आणि त्यानंतरचं म्हणावं, तर मुलगा स्वतःच सुभेदार!

मग ते चार संदर्भ उघडले. चौथ्याने तिसऱ्यावरून उतरवलेलं, तिसऱ्याने दुसऱ्यावरून. शुद्धलेखनाची एक चूकसुद्धा तिघांत तीच. दुसऱ्याने ‘असे सांगतात’ म्हटलं होतं, तिसऱ्याने तेवढे दोन शब्द गाळले. आणि पहिला? त्याने आजीकडून ऐकलेलं. आमच्या आजीच्या गोष्टीत तर हत्ती होता, आणि मुलगा वाचत नव्हता.

इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी (आपला इंदूरचा राजवाडा नव्हे) १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. बखरीपेक्षा अस्सल कागद बरा, हे तेव्हापासून ऐकतोय. पण हा नियम आपण अठराव्या शतकाला लावतो, काल रात्री आलेल्या व्हॉट्सॲपला नाही.

आयोजकांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं, आणि पोहे तयार आहेत. मग भरभर सांगतो.

आकडा आला की तो कुणी मोजला आणि केव्हा, ते विचारा. हाती असलेली पूर्ण जनगणना २०११ ची आहे. ‘आज इंदूरची लोकसंख्या इतकी’ असं कुणी लिहिलं तर शेजारी ‘अंदाजे’ छापा. नाव न छापण्याच्या अटीवर कुणी बोललं, तरी संपादकाला नाव ठाऊक हवं, आणि हे सांगून त्याचा काय फायदा तेही. फोटो आधी कुठे येऊन गेलाय का, गूगलवर टाकून बघा. मूळ आदेश, मूळ निकाल मागवा. त्याच्या बातमीवर भागवू नका. लेखकाचं मत आणि माहिती एका वाक्यात कोंबू नका.

राहिली दुरुस्ती. आमची गोष्ट तिसऱ्या पानावर, चित्रासकट. दुरुस्ती शेवटच्या पानावर, वर्गणीच्या सूचनेखाली, बारीक टाइपात. आजोबांचं दुसरं पोस्टकार्ड आलं : ‘पुढच्या अंकासोबत भिंग पाठवावे.’