धुऱ्यावरची नववी

[दृश्य: पहाट. गाविलगडच्या डोंगरावर टेकलेले ढग. पांदणीतून चालणारी मुलं, हातात सुतळीचे गुंडे.]

सप्टेंबर. अचलपूर तालुका. कपाशीला पाते लागले आहेत, सोयाबीनच्या शेंगा भरत आल्या आहेत आणि पांदणीत घोटाभर चिखल आहे. मिशनच्या शाळेची नववी आज वर्गात नाही. चपला हातात घेऊन ती वावराकडे निघाली आहे. सगळ्यांत पुढे पदर खोचून सिस्टर.

कॅथॉलिक चर्च १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हे दिवस सृष्टीसाठी पाळतं. ४ ऑक्टोबर म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण. आपल्याकडे हेच दिवस फवारणीचे.

[दृश्य: धुरा, जवळून. खुंट्या ठोकणारे हात.]

हा धुरा. दोन वावरांमधली दोन-तीन हातांची पट्टी. तो कोणाचा यावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात, पण त्याच्यावर उगवतं काय, हे बघायला कोणी वाकत नाही. नववी वाकली आहे. चार खुंट्या, एक मीटर लांब, एक मीटर रुंद सुतळीचा चौकोन. आत जे जे दिसेल ते वहीत उतरवायचं. नाव येत नसेल तर चित्र काढायचं.

तरोटा. केना. कुंदा. आघाडा. हिवराचं बोटभर रोप. गाजरगवत तर आहेच, ते कुठे नसतं?

[दृश्य: पानाच्या मागच्या बाजूला लाल-काळा ठिपका हलतो.]

आणि हा ढालकिडा. कपाशीवरचा मावा खाऊन हा पोट भरतो, आणि वस्तीला असतो धुऱ्यावर. फवारणीच्या पंपाला मावा कोणता आणि ढालकिडा कोणता, हे कळत नाही.

[दृश्य: काचेच्या दोन बरण्या, मागे आभाळ.]

एका बरणीत धुऱ्याची मूठभर माती, दुसरीत कपाशीच्या तासातली. पाणी घालायचं, झाकण लावायचं, खळखळून हलवायचं आणि गप्प बसायचं. रेती मिनिटभरात तळाला जाते. मग गाळ. चिकणमाती मात्र खाली यायला तासन् तास घेते. पावसात फुगणारी, उन्हाळ्यात आकसून पाय जाईल एवढ्या भेगा पाडणारी, ती हीच. वर तरंगतो तो कुजका काडीकचरा, मातीचं खाणं. धुऱ्याच्या बरणीत त्याचा थर बोटभर आहे. दुसऱ्या बरणीत शोधावा लागतो. इथे कोणी काही समजावून सांगत नाही. बरण्या शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत, तेवढं पुरतं.

[दृश्य: हिवराखाली बसलेली मुलं. सिस्टरच्या मांडीवर उघडं बायबल.]

उत्पत्तीच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय, पंधरावं वचन. देव माणसाला एदेन बागेत ठेवतो ते दोन कामांसाठी: मशागत आणि राखण. मशागत कोणाकोणाच्या घरी होते? सगळे हात वर. आणि राखण? पुन्हा सगळे वर. रानडुकरांपायी जागल कोणाला चुकली आहे? मग धुऱ्याची राखण कोण करतं, असं सिस्टर विचारतात. एकेक हात खाली येतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाऊदातो सी' हे परिपत्रक काढलं, त्यात या वचनावर लिहिलं आहे. त्यातच संत फ्रान्सिसची एक आठवण आहे. मठाच्या बागेचा एक तुकडा ते पडीक सोडायला सांगत, तिथे रानफुलांना उगवू द्या म्हणत. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी इटलीत कोणीतरी धुरा सोडत होतं! परिपत्रकाचं नावही संत फ्रान्सिसच्याच स्तोत्रातलं. ते त्यांनी लॅटिनमध्ये नाही, आपल्या मुलखाच्या बोलीत रचलं. त्यात सूर्य भाऊ आहे, पाणी बहीण आहे.

या मुलांत ख्रिस्ती मोजकेच. पण पोळ्याला बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावणाऱ्या घरांत पाण्याला बहीण म्हणणं कोणाला खटकत नाही. आपापलं स्तोत्र ती वऱ्हाडीत लिहितात. एकानं पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, मावशी केलं आहे.

[दृश्य: वीस मिनिटांचं मौन. प्रत्येक जण आपल्या चौकोनाशी. निवेदन नाही. टिटवी, वारा, दूर कुठेतरी पंपाचा आवाज.]

२०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. यातल्या बऱ्याच मुलांच्या घरी पंप अजून बापाच्याच पाठीवर असतो.

[दृश्य: नववीतली मुलगी, मागे कपाशी.]

मुलगी: "आमचे बाबा धुऱ्यावर तननाशक मारतेत. म्या म्हनलं, एक पट्टा सोडा. हासले. पन सोडला."

[दृश्य: तोच पट्टा. चार खुंट्या, सुतळी सुटलेली. तरोट्याला पिवळी फुलं.]