रेव खंय गेली?

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या गावात देवळाकडून पुळणीवर उतरायला जांभ्याच्या पायऱ्या आहेत. लहानपणी आम्ही पोरं त्या मोजायचो. शिमग्याच्या दिवसांत वरच्या तीन-चारच दिसायच्या, बाकीच्या वाळूखाली. नारळी पौर्णिमेला नारळ घेऊन गेलो की तिथेच दहा पायऱ्या उघड्या पडलेल्या असत आणि शेवटच्या पायरीवरून खाली उडी मारावी लागे. एकदा आजीला विचारलं, "गो आजी, रेव खंय गेली?" ती म्हणाली, "समुद्रान नेल्यान, तोच हाडून देतलो." म्हणजे समुद्राने नेली, तोच आणून देईल.

पुढे तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. वस्तुमान अक्षय्यतेचा नियम फळ्यावर लिहिताना दर वर्षी आजीचं ते वाक्य आठवायचं. द्रव्य नाहीसं होत नाही. ते जागा बदलतं, रूप बदलतं. आज याच नियमाबद्दल बोलायचं आहे, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला याच्याइतकं कामाचं विज्ञान दुसरं क्वचितच असेल.

पावसाळ्यात उंच लाटा पाठोपाठ येतात, पुळण खरवडतात आणि ती वाळू थोडी आत, पाण्याखाली, लांबट उंचवट्यासारखी रचून ठेवतात. पुढच्या लाटा त्या उंचवट्यावर फुटतात. म्हणजे पुळणीवरून गेलेली वाळूच पाण्याखाली राहून पुळण राखते. मला हे नेहमीच फार सुंदर वाटत आलं आहे. दसरा-दिवाळी झाली, लाटा निवल्या, की तीच वाळू थोडी थोडी परत येते. त्यात भर पडते ती नद्यांनी सह्याद्रीवरून आणलेल्या वाळूची आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची. किती आली, किती गेली, किती उरली, असा हा वाण्याच्या वहीसारखा सरळ हिशेब आहे.

गेली काही वर्षं शिमगा आला तरी आमच्या पायऱ्या बुडत नाहीत. कोणी म्हणतं समुद्र कोपला, कोणी म्हणतं कलियुग आलं. मी म्हणतो, वही उघडूया. वाळू जळत नाही, कुजत नाही. पुळणीवर नसेल तर ती दुसरीकडे आहे, किंवा इथवर पोचलीच नाही. आमच्या खाडीत पूर्वी हातपाटीने वाळू काढायचे, माणूस बुडी मारून जेवढी वर आणील तेवढीच. मग सक्शन पंप आले. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, वजनाने चार टनांच्या वर. रात्री किती डंपर गेले ते खाडीकाठच्या माणसाला अंथरुणात पडल्या पडल्या आवाजावरून कळतं. ती वाळू आता कुठल्यातरी शहरातल्या स्लॅबात आहे. तिथून ती समुद्र हाडून देणार नाही.

आणि वाळू गेली म्हणून दगडी बंधारा घातला, तर लाट त्यावर आपटून मागे फिरताना पायथ्याची उरलीसुरली वाळूही ओढून नेते. बंधारा संपतो तिथे शेजारच्या वाडीतले माड पडायला लागतात. बंधाऱ्याने जागा राखली जाते, वाळू निर्माण होत नाही.

किनाऱ्यासाठी माणसांनीही कायदे केले आहेत, आणि ते हवेतच. 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या आधारे 1991 मध्ये सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राची, अधिसूचना निघाली, भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतच्या पट्ट्याला तिने शिस्त लावली. 2011 मध्ये ती नव्याने लिहिली, 2019 मध्ये पुन्हा. या शेवटच्या वेळी खाडीकाठचा पट्टा 100 मीटरवरून 50 वर आणला. माणसाचा कायदा असा बदलता येतो, मोडता येतो, त्याला पळवाट सापडते. पण कागदावरची रेघ सरकली तरी उधाणाचं पाणी यायचं तिथवर येतंच. निसर्गाच्या नियमाला दुरुस्ती सुचवायची सोय नाही.

यावर लोक म्हणतात, "मास्तर, ही तुमची थिअरी झाली. प्रॅक्टिकल वेगळं असतं." हे ऐकून मला वाईट वाटतं. सिद्धांताला आपण अंदाजाच्या पंक्तीला बसवतो. खरं म्हणजे वैज्ञानिक सिद्धांत आधीच सांगून ठेवतो की अमुक दिसलं तर मी चुकलो. मग शेकडो लोक तो चुकवायला बसतात, आणि तरी टिकला तर टिकला.

लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1774 मध्ये बंद भांड्यात कथील तापवलं. भांड्याचं एकूण वजन बदललं नाही. तोंड उघडलं तशी हवा आत शिरली आणि वजन वाढलं. जळताना पदार्थातून काहीतरी निघून जातं, हे तेव्हाचं मत त्यापुढे टिकलं नाही. ऊर्जेच्या बाबतीत तर एकदा मोठाच पेच पडला. किरणोत्सर्गात ऊर्जेचा हिशेब जुळेना. नील्स बोरसारखा मोठा भौतिकशास्त्रज्ञ म्हणू लागला की ऊर्जा अक्षय्यतेचा नियम इथे लागू नसेल. 1930 मध्ये वोल्फगांग पाउली या शास्त्रज्ञाने सुचवलं की आपल्याला न दिसणारा एक कण ती ऊर्जा घेऊन जात असावा. तो न्यूट्रिनो सापडला 1956 मध्ये. 26 वर्षं नियम पणाला लागलेला होता. हिशेब जुळला नाही तर न मोजलेलं काहीतरी शोधा, एवढंच तो सांगत होता.

हीच नजर आपल्या बंदरावर लावून बघा. होडीच्या इंजिनात एक लिटर डिझेल घातलं, वजन किलोलाही कमी. ते जळून तयार होणारा कार्बन डायऑक्साइड भरतो सुमारे 2.6 किलो. हे जास्तीचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. आपण म्हणतो डिझेल संपलं. ते संपलेलं नाही, हवेत आहे. हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथे 1958 पासून हे मोजतात. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत सुमारे 315 भाग कार्बन डायऑक्साइड होता, आता 420 च्या वर आहे. माणूस सोडतो त्यातला जवळपास पाव हिस्सा समुद्र पोटात घेतो आणि त्याने पाण्याची आम्लता वाढते. कालवं आणि तिसऱ्या हे शिंपल्यांतले जीव ज्या पाण्यातून आपली कवचं घडवतात, ते हेच पाणी.

पुढच्या वर्षी बांगडा किती मिळेल, हे याच खात्रीने मी सांगू शकणार नाही. जीवांचे संबंध फार गुंतागुंतीचे, तिथले सिद्धांत अजून घडताहेत. पण वाळू किती उचलली आणि किती उरली, हे सांगायला तेवढं थांबावं लागत नाही.

मी घरी एक वही ठेवली आहे. दर पौर्णिमेला ओहोटीच्या वेळी जातो, पायऱ्या मोजतो, तारीख आणि आकडा लिहितो. गेल्या पौर्णिमेला आठ होत्या. तुमच्या पुळणीवर पायऱ्या नसल्या तर धक्क्याची भिंत असेल, एखादं जुनं माडाचं खोड असेल. त्यावर एक खूण करा, आणि वाळू तिच्या किती खाली आहे ते टेपने मोजून लिहून ठेवा. शाळेतली मुलं बरोबर न्या. त्यांना मोजायला आवडतं.

नमस्कार.