विठोबाचा पोशाख, नवरदेवाचा पोशाख

नमस्कार श्रोतेहो.

पंढरपूरच्या देवळात विठोबाचा दिवस ठरलेल्या क्रमानं चालतो. पहाटे काकडआरती, मग नित्यपूजा, दुपारी महानैवेद्य, संध्याकाळी धूपारती आणि रात्री शेजारती. महानैवेद्य आणि धूपारती यांच्या मध्ये, दुपार कलत आली की आणखी एक उपचार होतो. देवाला नवी वस्त्रं नेसवतात, अलंकार आणि हार घालतात. या उपचाराचं नाव आहे ‘पोशाख’. पूजा, नैवेद्य, आरती या शब्दांच्या मधोमध हा फारसी शब्द बसलेला आहे, आणि तो तिथं कुणाला खटकत नाही. परभणी-हिंगोलीकडून, नांदेड-लातूरकडून पायी गेलेला आपला वारकरी ‘देवाचा पोशाख झाला’ असं अगदी सहज म्हणतो. आज मला याच शब्दाविषयी तुमच्याशी बोलायचं आहे.

फारसीत ‘पोशीदन’ असं एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ अंगावर घालणं असा होतो, आणि झाकणं असाही होतो. त्यापासून ‘पोशाक’ झाला. मराठीत येताना शेवटच्या ‘क’चा ‘ख’ झाला, आणि लिंगही बदललं. उर्दूत ती पोशाक, आपल्याकडं तो पोशाख. आपल्या मराठवाड्यातल्या ज्या म्हाताऱ्या माणसांचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालं, त्यांना ‘पोशीदा’ हा शब्द ठाऊक असतो. पोशीदा म्हणजे लपलेलं, गुप्त. आज आपण पोशाखाकडं मिरवण्याची गोष्ट म्हणून पाहतो, पण शब्दाच्या मुळाशी आहे ते झाकणं.

या शब्दाची भावंडं मराठीत बरीच आहेत, फक्त ओळख पटत नाही. पलंगावर घालायचा पलंगपोस. भांड्यावर झाकायचा सरपोस. जुन्या वाड्यात छताला आतून फळ्या मारलेल्या असतात, त्या फळ्यांच्या छताला तक्तपोशी म्हणतात. आणि पाय झाकणारा तो पायपोस, म्हणजे जोडा. घरात गोंधळ माजला की आपली आजी म्हणायची, ‘कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही.’ त्या म्हणीतला पायपोस आणि विठोबाचा पोशाख एकाच मुळातून आलेले आहेत. मला यात फार आनंद वाटतो. भाषेनं एकाच मुळाचा शब्द पायात घातला आणि देवाच्या अंगावरही चढवला, आणि दोन्हीकडं तो शोभला.

मग हा शब्द येण्यापूर्वी आपल्याकडं काय होतं? पुष्कळ होतं. ‘वस्त्र’ होतं. संस्कृतात ‘वस्’ म्हणजे अंगावर घेणं, त्यापासून वस्त्र आणि वसन झाले. लॅटिनमधला ‘वेस्टिस’ हा याच कुळातला, आणि इंग्रजीत बनियनला वेस्ट म्हणतात ते त्यावरूनच. आपला ‘नेसणे’ सुद्धा याच ‘वस्’चा वंशज आहे, वापरून वापरून झिजून गुळगुळीत झालेला. ‘कापड’ आला ‘कर्पट’वरून, आणि कर्पट म्हणजे जुनेरं, ठिगळाचं फडकं. ‘धोतर’ आलं ‘धौत’वरून, धौत म्हणजे धुतलेलं.

ज्ञानेश्वरांचं मूळ गाव पैठणजवळचं आपेगाव. त्यांनी 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली. जुनं वस्त्र टाकून नवं घ्यावं तसा देह बदलतो, हा गीतेतला दृष्टांत मराठीत आणताना त्यांनी नव्या वस्त्रासाठी ‘वेढिजे’ असं क्रियापद वापरलं. वेढणं म्हणजे गुंडाळून घेणं. त्या एका क्रियापदात देवगिरीच्या यादवांच्या काळातला वेष दिसतो. तेव्हा अंगावर प्रामुख्यानं न शिवलेलं कापड असे, आणि ते गुंडाळून घ्यायचं असे.

ही गुंडाळण्याची, बांधण्याची सवय आपल्या क्रियापदांत अजून टिकून आहे. लुगडं नेसायचं, सदरा घालायचा, पटका बांधायचा, घोंगडं पांघरायचं, उपरणं खांद्यावर टाकायचं, दागिने ल्यायचे. ‘सदरा नेसला’ असं आपलं लेकरूसुद्धा म्हणणार नाही. प्रत्येक वस्त्राला त्याचं त्याचं क्रियापद आहे, ही मराठीची श्रीमंतीच. पण डोक्यापासून पायापर्यंत सगळं मिळून सांगायचं झालं तर? तिथं एक शब्द हवा होता, आणि पोशाखानं ती जागा भरली. ‘पोशाख केला’ म्हटलं की नेसणं, घालणं, बांधणं, ल्येणं, सगळं त्यात आलं. माझ्या मते तो मराठीत टिकला तो एवढ्यासाठी. नुसत्या राज्यकर्त्यांच्या धाकानं शब्द देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत जात नाही.

धाक आणि दरबार होतेच, ते नाकारायचं कारण नाही. 1327 च्या सुमारास महंमद तुघलकानं दिल्लीची राजधानी देवगिरीला हलवली आणि तिला दौलताबाद म्हणू लागले. पुढं बहमनी, निजामशाही, मोगल, आणि 1724 पासून हैदराबादचे निजाम. कारभाराची भाषा आधी फारसी, मग उर्दू. 17 सप्टेंबर 1948 ला आपण मुक्त झालो, तोवर शाळा, कचेरी, कोर्ट बहुतांशी उर्दूत चालत होतं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. ते काम मोठं होतं आणि गरजेचंही होतं. पण कपड्यांचे शब्द कचेरीत राहत नाहीत, ते शिंप्याकडं, बाजारात आणि दांडीवर राहतात. ‘पायजमा’ म्हणजे पायाचा जामा. ‘सदरा’च्या मुळाशी अरबी ‘सद्र’, म्हणजे छाती. ‘जामानिमा’ही तिकडूनच आला. आणि हातरुमालाला आपण मराठवाड्यातली माणसं अजून ‘दस्ती’ म्हणतो. दस्त म्हणजे हात. पुण्याकडच्या माणसाला दस्ती मागून पाहा, तो विचारात पडेल. उलट आपल्याकडं रुमाल म्हटलं की शेतकऱ्याच्या डोक्याला बांधलेला पांढरा रुमाल डोळ्यांपुढं येतो, खिशातला नव्हे. हे शब्द बोलायला आपल्या पोरांना लाज वाटू लागली आहे, त्याचं मला वाईट वाटतं. ती आपली मराठी आहे.

दरबारात वस्त्राला आणखी एक अर्थ मिळाला, मानाचा. ‘खिलत’ हा अरबी शब्द उतरवण्याच्या क्रियापदावरून आला आहे. मूळ कल्पना अशी की राजानं आपल्या अंगावरचं वस्त्र उतरवून दुसऱ्याच्या अंगावर घालायचं. त्याच प्रथेतला ‘सर-ओ-पा’, म्हणजे डोकं आणि पाय, अर्थात डोक्यापासून पायापर्यंतचा पूर्ण पोशाख. त्याचा मराठीत ‘शिरपाव’ झाला. आपण त्यात ‘शिर’ आणि ‘पाव’ हे आपले शब्द ऐकले आणि तो घरचा करून टाकला. मराठी दरबारातही हेच चालत होतं. छत्रपती शाहू महाराजांनी 1720 साली बाजीरावाला पेशवेपद दिलं, तेव्हा त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली असंच आपण म्हणतो. पदाची खूण अंगावरच्या वस्त्रात होती.

हा सर-ओ-पा आजही मराठवाड्यात जिवंत पाहायचा असेल तर नांदेडला जा. 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी तिथं देह ठेवला. त्या सचखंड हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात मानाच्या माणसाच्या गळ्यात वस्त्र घालतात, त्याला ‘सिरोपा’ म्हणतात. शिरपाव आणि सिरोपा, दोघंही सर-ओ-पाचीच रूपं. एक मराठीत आलं, एक पंजाबीत गेलं, आणि गोदावरीच्या काठी दोघं पुन्हा भेटले.

आता लग्नसराईचा विषय काढतो, कारण हा सगळा इतिहास तिथं आपल्या अंगणात येतो. नवरदेवाचा पोशाख, सोयऱ्यांचा आहेर, टॉवेल-टोपी, साडी-खण. खिलतीत राजा अंगावरचं देत होता, म्हणजे त्याला स्वतःला चालणारं देत होता. आपण अलीकडं आहेरासाठी मुद्दाम वेगळं कापड आणतो. ते कुणी वापरत नाही, एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरत राहतं. गरीब बाप त्यासाठी सावकाराकडून पैसे काढतो. मला वाटतं, आहेर द्यायचाच तर मोजक्या माणसांना द्यावा, पण असा द्यावा की घेणारा तो शिंप्याकडं नेईल. हलक्या साडीच्या दहा घड्यांपेक्षा विहिणीला एक चांगलं सुती लुगडं द्यावं, ती ते धुऊन पुन्हा नेसेल. ज्यांनी पत्रिकेत ‘आहेर आणू नये’ असं छापायला सुरुवात केली, त्यांचंही मला मनापासून पटतं. नवरदेवाचा पोशाख मात्र राहू द्या. तो शिवायला गावातल्याच शिंप्याकडं टाका, आणि माप द्यायला लेकराला घेऊन लवकर जा. लग्नसराईत त्याच्याकडं गर्दी फार असते.

नमस्कार.