रांजणवाडीला शेकच हवा, भर वैशाखातही

नमस्कार मंडळी. शेतात, ओट्यावर, दुकानात, जिथे कुठे रेडिओ लावून बसला असाल तिथल्या सगळ्यांना नमस्कार.

मी डोळ्यांची डॉक्टर. आपल्या भुसावळ-जळगावकडे एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा दिवसांत एखादी सून डोळ्यावर पदर धरून दवाखान्यात येते. मी विचारते, "डोयाले काय व्हयनं, माय?" उत्तर सोबतची सासू देते: "उष्णता झाली हिला. चार दिवस थंड दुधाच्या पट्ट्या ठेवतोय, पण रांजणवाडी काही बसत नाही." पापणी पाहून मी सांगते, "पट्ट्या बंद करा, गरम पाण्यानं शेका." त्यावर दोघी एकमेकींकडे बघतात. बाहेर आग ओकणारं ऊन आणि ही डॉक्टरीण वर शेकायला सांगते! त्यांचं चुकत नाही, कारण शेक का द्यायचा ते त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून आज ते नीट सांगते.

आपल्या पापणीच्या कडेला, केसांच्या मागच्या बाजूला, तेलाच्या बारीक नळ्या असतात. वरच्या पापणीत साधारण ३० ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. पापणी मिटली की त्यातलं तेल बुबुळावर पसरतं आणि डोळ्यातलं पाणी लगेच सुकत नाही. थंडीत बरणीतलं तूप थिजतं ना, तसं हे तेल कधीकधी घट्ट होतं आणि नळीचं तोंड बुजतं. त्यात कातडीवरचे जंतू शिरले किंवा केसाच्या मुळाशी गेले, की पापणी लाल होते, ठणकते, दोन-चार दिवसांत पिवळं टोक दिसतं. हीच रांजणवाडी. ती अंगातल्या उष्णतेनं होत नाही. आणि थिजलेलं तूप पातळ करायला आपण बरणी कोमट पाण्यातच ठेवतो.

माझी आजी बोट तळहातावर खसाखसा घासायची आणि गरम झालेलं बोट माझ्या पापणीवर टेकवायची. आज वाटतं, ऊब हवी हे तिला बरोबर ठाऊक होतं. फक्त बोट धुतलेलं नसायचं. एकदा मात्र तिनं लवंग उगाळून लावली. पापणीची कातडी सगळ्या अंगात पातळ. ती भाजली, तिचे पापुद्रे निघाले, आणि रांजणवाडी होती तिथेच राहिली. म्हणून हात जोडून सांगते, लवंग, चुना, लसूण, यातलं काहीही पापणीला लावू नका.

आता शेकायची रीत. आधी हात साबणानं धुवा. पाणी उकळून कोमट होऊ द्या आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहा. चटका बसला तर अजून थांबा. धुतलेल्या सुती कापडाची घडी त्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यावर ठेवा. मिनिटा-दोन मिनिटांनी ती गार पडते, पुन्हा बुडवा. असं दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. घड्याळ नको असेल तर रेडिओवरची दोन-तीन गाणी होईपर्यंत शेका. लोक एकदा दोन मिनिटं शेकतात आणि फरक नाही म्हणून सोडतात. तव्यावर तापवलेलं फडकं नको, त्यानं भाजतं. रांजणवाडी पिळायची नाही, सुई टोचायची नाही, टोकाचा केस उपटायचा नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत ती आपोआप फुटते किंवा बसते. तोवर काजळ बंद, आणि डोळे पुसायचा रुमाल प्रत्येकाचा वेगळा.

कधी ठणका जातो, पण हरभऱ्याएवढी कडक, न दुखणारी गाठ मागे राहते. तिलाही हाच शेक. शेकून झाल्यावर स्वच्छ बोटानं हलकं चोळा, वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर. तिला वेळ लागतो. महिनाभरात कमी झाली नाही तर डॉक्टर पापणी आतून छोटा छेद देऊन ती काढतात. उतारवयात त्याच जागी गाठ पुन्हा पुन्हा आली, तिथले केस झडले, तर मात्र तुकडा काढून तपासायलाच हवा, कारण क्वचित तो कॅन्सर असतो. आणि ज्यांना सारखी रांजणवाडी होते त्यांनी एकदा रक्तातली साखर बघून घ्या.

सकाळी पापण्या चिकटतात, केसांच्या मुळाशी कोंडा दिसतो, कडा लाल होऊन खाजतात? अशा वेळी आधी शेका, मग कपभर कोमट पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचे दोन-तीन थेंब टाकून, त्यात कापूस भिजवून, डोळा मिटून केसांच्या मुळाची रेघ हलकेच पुसा. डोक्यातही कोंडा असेल तर त्याचाही इलाज करा. हा त्रास मुळापासून जात नाही, रोज दात घासतो तसं रोज पुसावं लागतं.

नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर डेठ खुडणाऱ्या बायांसाठी हे खास. तिखट हात डोळ्याला लागला की पापणी सुजते, आणि नुसत्या पाण्यानं हात धुतले तरी तिखट जात नाही, कारण ते तेलात विरघळतं. म्हणून आधी हाताला खाण्याचं तेल चोळा, मग साबण लावा. डोळ्यात गेलंच तर न चोळता स्वच्छ पाणी पंधरा मिनिटं सोडत राहा. इथे मात्र शेक नको, गार पट्टीच बरी. खाज सुटून दोन्ही पापण्या फुगल्या, कपाशीची धूळ लागली, तरीही गार पट्टीच.

मेडिकलवाल्याकडून "लाल डोळ्याचा ड्रॉप द्या" म्हणून बाटली आणू नका. काही थेंबांमध्ये स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, पण महिनोन्‌महिने घातलं तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होतो. त्यात गेलेली नजर परत येत नाही. अशी तरुण मुलं मी पाहिली आहेत, आणि ते दुःख सांगता येत नाही.

पूर्ण पापणी सुजून ताप आला, डोळा पुढे आला, हलवताना दुखला, एकाचे दोन दिसले किंवा नजर अंधुक झाली, तर शेकत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, लहान मूल असेल तर रात्रीही.

एक पापणी अशीही आहे जिचा रांजणवाडीशी काही संबंध नाही. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे उठतो, पोटात दुखतं म्हणतो, आणि त्याच्या दोन्ही पापण्या खाली पडू लागतात, उघडता उघडत नाहीत. झोप अनावर झाली असं घरच्यांना वाटतं. पावसाळ्यात असं दिसलं तर मण्यारीचा दंश मनात आणा. मण्यार चावली तरी बरेचदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. तिचं विष आधी पापण्या पाडतं, मग श्वास थांबवतं. अंग कापू नका, दोरीनं करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, त्या माणसाला चालवू नका. लगेच १०८ ला फोन करा, आणि सर्पदंशाची लस ज्या सरकारी दवाखान्यात आहे तिथे त्याला तडक न्या.